यंदा धामणगाव नाही

परीक्षा संपली त्या दुपारी आकांक्षानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि पलंगाखाली सरपटत जाऊन निळी पिशवी बाहेर ओढली. दर उन्हाळ्यात तिचे आणि धाकट्या अंकुरचे कपडे याच पिशवीत भरले जायचे. वर्षभराची धूळ झटकून तिनं ती आईसमोर धरली. रागिणी झेंडूच्या ढिगाशी बसून हार ओवत होती. तिनं पिशवीकडं पाहिलं, मग हातातल्या सुईकडं.

"यंदा धामणगाव नाही," ती म्हणाली.

"मंग कुठी?"

"कुठीच नाही."

आकांक्षा दहा वर्षांची होती, अंकुर सात. आजी दिवाळीनंतर शुभममामाबरोबर सुरतला राहायला गेली हे पोरीला चांगलं ठाऊक होतं. दर रविवारी ती फोनवर आजीशी बोलायचीही. पण आजी गेली म्हणजे धामणगावही गेलं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर रागिणीनंही ते स्वतःशी कधी स्पष्ट म्हटलं नव्हतं. आत्ता तोंडातून निघालं तेव्हा तिलाही ते पहिल्यांदाच ऐकू आलं.

धामणगाव रेल्वे हे तिचं माहेर. वडील जिनिंगच्या कारखान्यात कापूस तोलायचे. स्टेशनच्या मालधक्क्याच्या मागच्या आळीत दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात एक कडुनिंब. घर भाड्याचं, पण भाड्याचं आहे हे विसरायला व्हावं इतकी वर्षं त्यात गेलेली. वडील वारल्यावर आई, पार्बताबाई, तिथंच एकटी राहिली. मग तिला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं. सुरतेत कापडाच्या कारखान्यात असलेला शुभम आला, दोन दिवसांत सामान बांधलं, घरमालकाला किल्ली दिली आणि आईला घेऊन गेला. रागिणीला फोन आला तो सगळं झाल्यावर. तिनं ते घर रिकामं झालेलं पाहिलंच नाही. म्हणून असेल, तिच्या डोळ्यांपुढं ते घर अजून भरलेलंच होतं. चुलीपाशी आई, खिडकीखाली चटई, अंगणात पोरं.

सुट्टीचे पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवसापासून घर अंगावर यायला लागलं.

अकोल्यात मे महिन्यात ऊन कसं असतं ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. जुन्या शहरातल्या त्यांच्या दोन खोल्यांवर पत्रे होते. सकाळी नऊ-दहा वाजताच पत्रे तडतडायला लागत. त्यानंतर संध्याकाळपर्यंत पोरांना बाहेर सोडायची सोय नव्हती. कूलर होता, पण नळ चार-सहा दिवसांआड यायचा आणि कूलर बादलीमागून बादली पिऊन टाकायचा. नवरा, देवानंद, पहाटे बाजारातून टरबुजं उचलायचा आणि दिवसभर हातगाडीवर विकायचा. घरी रागिणी आणि दोन पोरं. त्यात लग्नसराई. नवरदेव-नवरीचे हार, मंडपाच्या माळा, गाडीच्या सजावटीच्या लडी, सगळं याच दिवसांत. दरवर्षी ती हे काम पंधरा दिवस जावेवर टाकून माहेरी निघून जायची. यंदा जायचं नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच जास्तीच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. तेवढाच हात गुंतेल, असं तिला वाटलं होतं.

हात गुंतला, मन गुंतलं नाही. ओवता ओवता ती मधेच उठायची, दाराशी जायची, बाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडं बघायची आणि परत यायची. पाण्याच्या ड्रमवरचं झाकण उचलून बघायची. पुन्हा बसली की सुई कुठं ठेवली ते आठवायचं नाही. पोरांचं म्हणाल तर ती तिच्याहून बेचैन. अंकुर पलंगावरून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत पळायचा. आकांक्षा भिंतीला पाय लावून उलटी पडायची आणि दर थोड्या वेळानं एकच विचारायची, "आता काय करू?"

रागिणीनं प्रयत्न केले नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. पैसे लागणार नाहीत असं जे जे सुचलं ते तिनं केलं. फुलं निवडताना गळलेल्या पाकळ्या वेगळ्या करून दिल्या, पोरांनी त्यांच्या रांगोळ्या काढल्या. चिंचोके घासून सोंगट्या करून दिल्या, जमिनीवर खडूनं पट आखला. नवऱ्यानं आणलेल्या फळांच्या खोक्यांचं घर झालं, मग दुकान झालं, मग कोण दुकानदार आणि कोण गिऱ्हाईक यावरून मारामारी झाली आणि खोकी फाटली. गहू भिजवून कुरडयांचा घाट घातला, तर पहिल्या दोन कुरडयांनंतर चिकाचे गोळे एकमेकांच्या केसांना लागले. प्रत्येक गोष्ट थोडा वेळ चालायची. त्या थोड्या वेळात रागिणीचा अर्धा हार व्हायचा. मग पुन्हा, "मम्मी, आता काय करू?"

शेवटी ती मोबाइल द्यायची. घरात एकच मोबाइल, आणि ऑर्डरी त्यावरच यायच्या. अंकुरच्या हातात तो असताना एकदा मंडपवाल्याचा फोन आला, तर पोरानं कार्टून बंद पडू नये म्हणून तो दोनदा कापला. मंडपवाला संध्याकाळी दारात येऊन बोलून गेला. त्या दिवसापासून मोबाइल फळीवर गेला आणि घरातला आवाज अजून वाढला.

समोरच्या पक्क्या घरातली दोन मुलं सकाळी सात वाजता पिवळे टी-शर्ट घालून उन्हाळी शिबिराला जायची. तिथं स्केटिंग होतं, पोहणं होतं. रागिणीनं एकदा त्यांच्या आईला सहज विचारल्यासारखं करून फी विचारली आणि सहज विचारल्यासारखंच "हो का" म्हणून घरात आली. अंकुर उंबऱ्यावर बसून त्या पिवळ्या टी-शर्टांकडं पाहायचा. काही मागायचा नाही. मागितलं असतं तर तिला रागावता तरी आलं असतं.

रागवायला मात्र आता तिला कारण लागत नव्हतं. ती उठता-बसता ओरडायची. ओरडून झालं की स्वतःचाच राग यायचा आणि तो पुन्हा पोरांवरच निघायचा. देवानंद रात्री जेवताना एकदा म्हणाला की पोरं आहेत, दंगा करणारच. त्यावर ती म्हणाली की मग उद्या तुम्ही घरी बसा, मी टरबुजं विकते.

आणि मग ती गुरुवारची दुपार आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मोठ्या लग्नाचे हार द्यायचे होते. सकाळपासून ओवलेल्या माळा तिनं ओल्या गोणपाटाखाली रांगेनं ठेवल्या होत्या. ती मोरीत पाणी घ्यायला गेली आणि आली तर अंकुरनं एक लांब माळ कात्रीनं चार ठिकाणी कापली होती. तुकडे एकामागं एक मांडून तो त्यांना ढकलत होता. तोंडानं शिटी चालू होती. ती आगगाडी होती.

रागिणीनं त्याला मारलं. एक चापट नव्हे, दोन, तीन. हात थांबेना तेव्हा आकांक्षा मधे आली आणि एक तिलाही बसली. अंकुर रडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला. मग दोघंही कोपऱ्यात जाऊन बसली आणि घर शांत झालं. सुट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच इतकं शांत. रागिणीनं ती माळ पुन्हा ओवली. संध्याकाळपर्यंत कोणी विचारलं नाही की आता काय करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंद गेल्यावर आकांक्षा म्हणाली की आम्ही मागच्या गल्लीत खेळायला जातो. ऊन तापायच्या आत या, एवढं सांगून रागिणी कामाला लागली. काम भराभर होत होतं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की पत्रे तडतडायला लागलेत आणि पोरं आलेली नाहीत. ती मागच्या गल्लीत गेली. तिथं कोणी नव्हतं. ओळखीच्या दोन घरांत विचारलं, तिथंही आली नव्हती. घरी येऊन तिनं पलंगाखाली पाहिलं, का पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं. निळी पिशवी जागेवर नव्हती.

तिनं देवानंदला फोन लावला. पोरं गाडीवर आली नव्हती. ती तशीच, डोक्यावर पदर न घेता, चौकात धावली. चौकात डोमाजीचा ऑटो उभा होता. डोमाजी देवानंदचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं सांगितलं की सकाळी मोर्णा नदीच्या पुलावर दोघं दिसली होती, हातात पिशवी होती. त्यानं विचारलं तर पोरगी म्हणाली, बाबाच्या गाडीवर चाललो. त्याला खरं वाटलं.

पूल ओलांडला की एक रस्ता बाजाराकडं जातो आणि एक पुढं स्टेशनकडं. रागिणीला दुसरं काही विचारायची गरजच उरली नाही.

"स्टेशनवर घ्या, भाऊजी," ती ऑटोत बसत म्हणाली.

वाटेत तिच्या डोळ्यांपुढून रुळांवरची, फलाटाच्या कडेची, गाडीच्या दारातली जी जी चित्रं गेली ती सांगण्यात अर्थ नाही. कोणत्याही आईच्या डोळ्यांपुढून तीच गेली असती. ऑटो पुरता थांबायच्या आत तिनं उडी टाकली.

पोरं फलाटावर होती. पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर दोघं पिशवी मधे ठेवून बसली होती. अंकुरचे ओठ सुकले होते आणि त्यानं बहिणीची ओढणी डोक्याला गुंडाळली होती. आई दिसताच त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. आकांक्षा उठून उभी राहिली. पळाली नाही. मार बसणार हे तिनं गृहीतच धरलं होतं.

रागिणीचा हात उचललाही गेला. पण तो पोरीच्या गालापर्यंत पोचला नाही. ती बाकावर बसली आणि श्वास येईपर्यंत नुसती बसून राहिली. मागून आलेल्या डोमाजीनं देवानंदला फोन करून पोरं सापडल्याचं कळवलं आणि तो थोडा लांब जाऊन उभा राहिला.

"आजी तिथी नाही, मालूम आहे ना तुले?" रागिणीनं विचारलं.

"मालूम आहे."

"मंग काहून निंगाली वं? त्या घरात आता दुसरे लोक राह्यतात. कोनापाशी जाणार होती?"

उत्तर अंकुरनं दिलं. त्याला ते अगदी सोपं वाटत होतं.

"तिथी तू मारत नाही ना."

"तिथी तू वेगळी असते," आकांक्षा म्हणाली. "दुपारी आमच्याजवळ झोपते. हसते. आम्ही तिथी गेलो असतो तर तू आम्हाले घ्याले आली असती. मंग तू बी तिथीच असती."

रागिणीला वाटलं होतं की पोरांना आजी हवी, अंगण हवं, कडुनिंबाचा झोका हवा. त्यांना तीच हवी होती, पण तिकडची. दहा वर्षांच्या पोरीनं ती कुठं मिळते ते शोधून काढलं होतं आणि आणायला निघाली होती.

तेवढ्यात नागपूरकडं जाणाऱ्या गाडीची घोषणा झाली. आता पुढं जे झालं त्याबद्दल तिच्या जावेनं नंतर तिला बरंच ऐकवलं, आणि जावेचं चुकलं असं म्हणता येत नाही. संध्याकाळचे हार व्हायचे होते. घर उघडं टाकून ती आली होती. पण त्या सकाळी रागिणीच्या अंगात जे काय भरलं होतं ते घरी परत जाण्यानं शमणार नव्हतं. कमरेच्या पिशवीत तिकिटापुरते पैसे होते. तिनं डोमाजीला तिकिटं काढायला पाठवलं आणि देवानंदला फोन लावला.

"मी पोराईले घेऊन धामणगावले जाऊन राहिली," ती म्हणाली. "सांजच्या गाडीनं येतो."

टरबुजाचा भाव विचारणारं कोणीतरी तिकडं मागं बोलत होतं.

"तिथी कोन आहे आता?" देवानंदनं विचारलं.

"कोनी नाही."

"हारांचं?"

"मालूम नाही."

"जाय मंग," तो म्हणाला. "पाणी घे सोबत."

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. पोरं खिडकीला चिकटली होती. रागिणीला बसवत नव्हतं. ती दाराशी जायची, परत यायची. तिथं जाऊन काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. घर बाहेरून बघायचं, पोरांना दाखवायचं, की बघा, आता आपलं नाही. मग परतीची गाडी. एवढाच बेत होता.

धामणगावात भर उन्हात ती उतरली आणि पाय आपोआप मालधक्क्यामागच्या आळीत गेले. घराला नवा हिरवा रंग होता. कडुनिंब होता, झोका नव्हता. अंगणात दोरीवर रेल्वेच्या गणवेशाचा शर्ट वाळत होता. फाटकापाशी ती थबकली. पोरं मात्र थबकली नाहीत. अंकुरनं सवयीनं फाटकाची कडी आतून हात घालून काढली आणि सरळ आत गेला.

दार उघडून एक बाई बाहेर आली. रागिणीच्याच वयाची, हाताला पीठ लागलेलं. तिच्यामागून आकांक्षाएवढी एक मुलगी डोकावत होती.

"कोन पाह्यजे?" बाईनं विचारलं.

चुकलं, म्हणून परत फिरावं असं रागिणीला वाटलं. मग ती म्हणाली, "मी पहिले इथी राहत होती. लग्नाच्या पहिले. माही माय आता सुरतले गेली."

बाईनं तिच्याकडं पाहिलं, घामाघूम पोरांकडं पाहिलं, त्यांच्या पिशवीकडं पाहिलं. काय समजली कोण जाणे.

"मंग उनात काहून उभ्या हा, ताई? या ना घरात."

तिचं नाव संध्या. नवरा संघपाल रेल्वेत, त्या वेळी ड्यूटीवर होता. मुलगी करिश्मा पाचवीत गेलेली. ही माणसं भुसावळहून बदली होऊन आली होती. आळीत ओळखी अजून व्हायच्याच होत्या आणि ज्यांच्याशी झाल्या होत्या त्यांच्या घरची मुलं सुट्टीत गावाला गेलेली. करिश्मा गेले कित्येक दिवस घरात एकटीच होती. अंकुरनं तिला मोरीमागच्या भिंतीतली वीट हलते ते दाखवलं, आणि आपल्याच घरातली गोष्ट आपल्याला माहीत नव्हती याचं तिला इतकं नवल वाटलं की तिघंही लगेच बाकीचं घर दाखवायला-बघायला निघून गेली.

रागिणी माठाचं पाणी प्यायली आणि बसली. बसवेना म्हणून उठली. चुलीच्या जागी आता लोखंडी पलंग होता. आईच्या देवांच्या देवळीत बुद्धाची मूर्ती होती आणि वर बाबासाहेबांचा फोटो. भिंतीवर शुभमची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा रंगाखाली गेल्या होत्या. ती परक्या घरात हात मागं बांधून फिरत होती, काही हाताळू नये म्हणून, आणि तरी प्रत्येक कोपऱ्याशी जाऊन उभी राहत होती. संध्या भाकरी थापता थापता तिच्याकडं बघत होती. तिनं विचारलं नाही की काय शोधताय.

जेवताना बोलणं झालं. रागिणीनं सकाळची गोष्ट सांगितली, मारल्याचंही सांगितलं. ते सांगायचं तिच्या मनात नव्हतं, पण मग पोरं का पळाली ते सांगता येईना. संध्यानं ऐकून घेतलं. तिचं माहेर दर्यापूरकडचं. आई गेली, भावांनी वेगळ्या चुली केल्या, आणि एका चुलीवर गेलं की दुसरी रुसते म्हणून तिनं जाणंच सोडलं होतं. सुट्टी लागली की तीही करिश्मावर ओरडायची. परवा तर पोरीनं नुसती पेन्सिल मागितली आणि ही रडायलाच लागली.

"पोराईची सुट्टी असते," संध्या म्हणाली. "आपली कुठी असते?"

जेवण झाल्यावर तिनं खिडकीखाली चटई टाकली. ती जागा तिनंच निवडली. रागिणीनं काही सांगितलं नव्हतं. त्या खिडकीतून दुपारी कडुनिंबाची सावली येते, तिथं कोणीही चटई टाकली असती.

"पाठ टेका थोडीशी. गाडीले वेळ आहे. पोट्टे मी पाहतो."

रागिणी नको म्हणाली. मग आडवी झाली. परक्या घरात झोप कशी येणार, असं ती मनाशी म्हणाली, तेवढंच तिला आठवतं. जाग आली तेव्हा ऊन अंगणाच्या टोकाला गेलं होतं. अंकुर तिच्या कुशीत झोपला होता, घामानं चिंब. बाहेरून संध्याचा आवाज येत होता. ती दोन्ही मुलींना जुन्या साडीच्या चिंध्यांची वेणी घालून दोर वळायला शिकवत होती आणि मुली दोराच्या टोकांशी ओढाताण करत होत्या. रागिणी उठली नाही. बऱ्याच दिवसांनी ती जागी असूनही पडून राहिली.

निघताना तिनं करिश्माला जवळ घेतलं आणि संध्याला म्हणाली, "हिले धाडा माह्याकडं. आठ दिवस. घर लहान आहे, पत्र्याचं आहे, उन लय लागते. पण धाडा."

असं बोलणं निरोप घेताना सगळेच करतात. संध्यानं हसून हो म्हटलं. फोन नंबर मात्र दोघींनी घेतले.

अकोल्याला पोचेतो दिवे लागले होते. घरात देवानंद आणि डोमाजी फुलांच्या पसाऱ्यात बसले होते. त्यांनी टरबुजांची गाडी दुपारीच बंद करून हार ओवायला घेतले होते, जाऊ मदतीला आली होती, आणि हार वेळेवर गेले होते. कसे गेले ते विचारू नये. एका बाजूला फुलं दाट, एका बाजूला दोरा दिसतो, असे. मंडपवाल्यानं पुढची दोन कामं दुसरीकडं दिली. जावेनं सगळं ऐकवलं ते याच वेळी. रागिणीनं ऐकून घेतलं. देवानंदच्या बोटाला सुई लागून चिंधी बांधलेली होती. पोरं झोपल्यावर तिनं त्याला सकाळचं सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला की उद्यापासून दुपारी हातगाडी डोमाजीच्या ऑटोजवळ लावतो, तो बघेल, मी दोन घंटे घरी येत जातो. आणि तो येऊ लागला. आला की पोरांपेक्षा आधी स्वतःच झोपायचा, पण घरात अजून एक मोठं माणूस आहे एवढ्यानंही फरक पडला.

मंडपवाल्याची कामं गेली म्हणून दुपारी वेळ निघाला. रागिणीला तो वेळ कसा घालवावा कळेना. सुई खाली ठेवून ती पोरांच्या शेजारी आडवी व्हायची आणि तिला कामं आठवायची. धामणगावला येणारी झोप इथं येत नव्हती. तरी ती पडून राहायची. अंकुर तिच्या पोटावर पाय टाकायचा आणि उगाच काहीतरी विचारत राहायचा. ती उत्तरं द्यायची. ओरडणं पूर्ण थांबलं असं नाही. पण हात पुन्हा उचलला नाही.

जूनच्या सुरुवातीला खरोखरच संध्याचा फोन आला. ती बोलता बोलता अडखळली. पोरगी रोज विचारते, तुम्ही खरंच म्हटलं होतं की असंच, म्हणून विचारलं. रागिणी म्हणाली, खरंच.

करिश्मा आली आणि दोन खोल्यांत तीन पोरं झाली. आश्चर्य म्हणजे त्रास कमी झाला. पाहुणी आलेल्या पोरीपुढं भांडायला आकांक्षाला लाज वाटायची आणि ओरडायला रागिणीला. अंकुर तर आठ दिवस गावाचा पाटील असल्यासारखा वावरला. करिश्माला त्यानं मोर्णेचा पूल दाखवला, टरबूज कसं ठोकून ओळखायचं ते दाखवलं, पाकळ्यांच्या रांगोळ्या, चिंचोक्यांचा पट, खोक्यांचं घर, जे जे त्याला स्वतःला कंटाळवाणं झालं होतं ते सगळं त्यानं नव्यानं मांडलं. करिश्मा प्रत्येक गोष्टीला भल्लं मस्त म्हणायची. संध्याकाळी रागिणी तिघांना घेऊन नदीकाठानं फिरायला जायची. एकदा चालता चालता ती सहज काहीतरी बोलली आणि मुली हसल्या. मग ती अजून बोलली. आकांक्षा वळून तिच्याकडं बघत राहिली, आणि रागिणीनं विचारलं की काय झालं, तर काही नाही म्हणाली.

आठवड्यानं संध्या मुलीला न्यायला आली. एक रात्र राहिली. दोघी उंबऱ्यावर बसून फुलं निवडत बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी रागिणी आणि पोरं त्यांना पोचवायला स्टेशनवर गेली. गाडी सुटली. करिश्मा खिडकीतून हात हलवत दिसेनाशी झाली.

आपल्याकडच्या शाळा उन्हामुळं जून सरता सरता उघडतात. अजून बरेच दिवस काढायचे होते. ऊन तसंच होतं, आणि घरी गेल्यावर पुन्हा तीच दोन पोरं, त्याच दोन खोल्या.

"मम्मी, उद्या काय करू?" घरी परतताना अंकुरनं विचारलं.

रागिणीला पुन्हा ती जुनी घाई झाली, काहीतरी शोधायची, लगेच काहीतरी देऊन मोकळं व्हायची.

"मालूम नाही, बाप्पा," ती म्हणाली. "मले बी समजून नाही राहिलं. सकाळी उठून पाहू."

अंकुरला ते पुरलं. तो पुढं पळाला, रस्त्याच्या कडेनं, जिथं दुकानांच्या सावल्या पडल्या होत्या तिथून उड्या मारत, ऊन चुकवत. आकांक्षानं आईचा हात धरला होता. रागिणी भराभर चालत होती, आणि पोरगी तिच्या पावलाशी पाऊल जुळवायला जवळजवळ धावत होती. मग रागिणीनं चाल थोडी कमी केली.